पूक्को क्रमांक १ : कामाच्या नोंदी

१६ जून २०२४, ताम्पेरेजवळ

पूक्को हा फिनलंडचा छोटा चाकू स्वतः घडवायचा आहे. त्यासाठी आज बर्चची साल काढली. काम इथूनच सुरू झालं असं मानते, कारण ही साल वर्षातून तीन-चार आठवडेच नीट सुटते. झाडात रस चढलेला असतो तेव्हा, म्हणजे युहान्नुस या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या मागेपुढे. तो काळ चुकला की पुढच्या जूनपर्यंत थांबायचं.

फिनलंडमध्ये कुणाच्याही रानात फिरायला, बेरी आणि अळंबी गोळा करायला मुभा आहे. झाडाची साल मात्र त्यात येत नाही. ती जमिनीच्या मालकाची, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या काकांनी जळणासाठी चार बर्च पाडायचे ठरवले होते. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

बुंध्यावर उभी चीर द्यायची, खोल नाही, बाहेरच्या सालीपुरतीच. मग कडेखाली बोटं सारली की ती फट्‌ आवाज करून आपणहून उलगडते. आतून पिवळसर, ओलसर, दुधी वासाची. बाहेरचा पांढरा पापुद्रा खरवडून टाकला आणि मोठे तीन तुकडे दोन फळ्यांमध्ये ठेवून वर दगड ठेवले.

या सालीला इथे ‘तुओही’ म्हणतात. आपण हिला भूर्जपत्र म्हणतो. झाडाची जात वेगळी (हिमालयातला भूर्ज आणि इथला बर्च एकाच कुळातले), पण गुण तेच: कुजत नाही, पाणी धरत नाही, कीड लागत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ज्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ साली नोंद घेतली, त्यांतलं एक काश्मीरहून आलेलं, शारदा लिपीतलं, भूर्जपत्रावरचं आहे. ज्या गुणामुळे ते शब्द टिकले त्याच गुणासाठी इथले लोक या सालीची चाकूला मूठ करतात. हे लक्षात आलं तेव्हा मूठ लाकडाची करायची की सालीची, हा प्रश्नच उरला नाही.

१८ जून

काय करायचं आहे ते एकदा लिहून ठेवते, नंतर मन बदलू नये म्हणून.

पूक्को म्हणजे फिनलंडचा कमरेचा छोटा चाकू. पातं साधारण तळहाताच्या रुंदीएवढं, एकाच बाजूला धार, पाठ सरळ. मूठ पात्याएवढीच किंवा जराशी मोठी. हात पुढे सरकू नये म्हणून तलवारीला किंवा कट्यारीला असतो तसा आडवा अटकाव नाही. पात्याचं शेपूट मुठीच्या आरपार जातं आणि मागच्या टोकाला ठोकून पक्कं केलेलं असतं. म्यान चामड्याचं आणि खोल, त्यात पातंच काय, मूठही अर्ध्याहून जास्त बुडते. बटण नाही, पट्टा नाही, चामड्याची पकड तेवढीच. ‘पू’ म्हणजे लाकूड. चाकूचं नाव त्यावरूनच आलं की जर्मन दर्यावर्द्यांच्या शब्दावरून, यावर भाषेच्या अभ्यासकांत दोन मतं आहेत. चाकू लाकडासाठी आहे याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही.

माझं माप: पातं ९० मिमी लांब, २० मिमी रुंद, पाठीशी ४ मिमी जाड. मूठ १०५ मिमी, दोन्ही टोकांना पितळेची चकती. नक्षी नाही.

आजोबांच्या कमरेला मागे आकडी असायची आणि तिच्यात कोयती. सकाळी चहा झाला की कोयती आकडीत अडकवायची आणि बागेत जायचं. ती सोडून ते कुठे गेले असतील असं आठवत नाही. ताम्पेरेच्या बाजारात एका म्हाताऱ्या मासेवाल्याच्या कमरेला पहिल्यांदा पूक्को पाहिला तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले होते. हत्यार वेगळं, झाडं वेगळी, पण चालताना ते मांडीला लागून हलत होतं त्याची लय ओळखीची होती.

६ जुलै, काउहावा

ताम्पेरेहून रेल्वेने उत्तरेला, दोनेक तास. सेइनायोकी सोडलं की दोन्ही बाजूंना सपाट शेतं, मधूनमधून करड्या लाकडी कोठ्या, आणि आभाळ एवढं मोठं की डोंगरात वाढलेल्या माणसाला उघड्यावर आल्यासारखं वाटावं. हा दक्षिण पोह्यान्मा प्रांत. फिनलंडभर पूक्को होतात, पण काउहावाचं नाव त्यात पहिलं येतं.

त्याचं बरंचसं श्रेय ईसाक्की यॅर्वेनपॅ या लोहाराला जातं. त्याने १८७९ मध्ये इथे चाकूंचं काम सुरू केलं आणि ती पेढी अजून चालू आहे. मुठीच्या टोकाला धातूचं घोड्याचं डोकं असलेला काउहावाचा पूक्को त्याच्यामुळे प्रसिद्ध झाला. त्याच्याआधीही गावात लोहार होतेच, पण एकाच नमुन्याला गावाचं नाव चिकटावं आणि तो दूरवर विकला जावा, ही सुरुवात त्याची. घोड्याच्या डोक्याचे पूक्को आज मी हातात घेऊन पाहिले. देखणे आहेत. भेट म्हणून द्यायला, भिंतीवर लावायला, लग्नाच्या पोशाखात कमरेला मिरवायला शोभतील. पण लाकूड तासताना मनगट वळवलं की घोड्याचे कान तळहातात रुततात. त्याच कपाटात खालच्या फळीवर साधे, सालीच्या मुठीचे होते. मी अर्धा तास त्यांच्यापाशीच होते.

या प्रांताची दुसरीही ओळख आहे आणि ती वगळून पूक्कोचा इतिहास लिहिणं खोटेपणाचं होईल. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची जवळजवळ शंभर वर्षं इथे ‘पूक्कोयुंक्कारीं’ची दहशत होती. चाकू चालवणारी तरुण पोरं, टोळ्या करून फिरणारी, बोलावणं नसताना लग्नात घुसून मारामाऱ्या करणारी. लोकसंख्या झपाट्याने वाढली होती, वाटण्या होऊन जमीन पुरेना, आणि १८६६ पर्यंत घरी दारू गाळायला कायद्याने मोकळीक होती. हॅर्मॅ गावचे आंत्ती नावाचे दोघे, आंत्ती इसोतालो आणि आंत्ती रान्नानयॅर्वी, त्यांतले सगळ्यात नामचीन. बेड्या घातलेल्या त्या दोघांचं छायाचित्र आजही जागोजागी दिसतं आणि त्यांच्यावरचं लोकगीत शाळेतल्या मुलांनाही येतं. मेलेल्यांची गाणी झाली नाहीत, हे मला तिथे उभं राहून फार जाणवलं. फिन भाषेत भोसकणे या क्रियापदाचं मूळ पूक्को हाच शब्द आहे, ‘पूकोत्ता’. लाकडाच्या चाकूला हा डाग कायमचा लागला.

आणि तरीही त्याची घडण बघा. भोसकायच्या हत्याराला आडवा अटकाव लागतो, नाहीतर जोर लावताच स्वतःचाच हात पात्यावर घसरतो. रूढ पूक्कोला तो आला नाही. शंभर वर्षांच्या त्या रक्तपातातही लोहारांनी आकार बदलला नाही, कारण घेणारे बहुतेक लोक त्याने चमचे, दाताळी, काठ्या आणि जाळ्यांच्या सुया करत होते. माझ्या मते पूक्कोबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

परतताना हात रिकामे. एक घ्यायचा मोह फार झाला होता. आपला झाल्यावर घेईन.

१५ जुलै

साल तपासली. दोन तुकडे सपाट, एकाची कड वळली. दगड वाढवले.

७ सप्टेंबर

लोकशिक्षण केंद्रातला हस्तकलेचा वर्ग आजपासून, दर शनिवारी. असे वर्ग इथे जवळपास प्रत्येक गावात असतात आणि फी माफक असते. बारा जण आहोत. एक निवृत्त सुतार, एक परिचारिका, दोन विद्यार्थी, बाकी माझ्यासारखे नोकरदार. सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीत हाक मारतात, शिक्षकांनाही. इतक्या वर्षांनीही पासष्टीच्या माणसाला ‘तू’ म्हणताना माझी जीभ अडखळते, म्हणून या नोंदींत तरी त्यांना अहो-जाहो करते.

वर्गातल्या सगळ्यांनी शाळेत हातोडा, कानस, पटाशी धरलेली आहे. उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहामुळे १८६६ च्या लोकशाळांच्या कायद्यातच हस्तकला विषय म्हणून आली आणि आजही ती शाळेत आहे. मी संगणकाच्या बारा भाषा शिकले, पण कानस कुठल्या बाजूला कापते हे आज समजलं. (पुढे ढकलताना. मागे ओढताना उचलायची.)

शेजारच्या टेबलावरची परिचारिका मूळची उत्तरेकडची, इनारीची. तिने तिच्या वडिलांचा लेउकू आणला होता. हा सामी या उत्तरेतल्या आदिवासी लोकांचा मोठा चाकू, पातं रुंद, वीतभर किंवा त्याहून लांब, रेनडियरची हाडं फोडायला, तंबूसाठी काठ्या तोडायला, फांद्या छाटायला. कुऱ्हाड आणि चाकू यांच्या मधलं हत्यार. बारीक कामाला त्याच पट्ट्यावर छोटा चाकूही असतो. सालीची मूठ तिच्या वडिलांच्या हातांनी काळपट आणि गुळगुळीत झाली आहे. तिने तो मला धरायला दिला. शून्याखाली तीस अंशांत उघड्या हाताने धरला तरी साल चटका देत नाही, म्हणाली. धातूच्या मुठीला तिथे हात लावता येत नाही.

२१ सप्टेंबर

पहिलं पातं. फुकट गेलं.

पोलाद ८०सीआरव्ही२, साधं कार्बनचं, थोडं क्रोमियम आणि व्हॅनेडियम घातलेलं. पट्टी भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवायची, ऐरणीवर आधी शेपूट ओढायचं, मग टोक, मग धारेची बाजू पातळ करायची. धारेकडे ठोकलं की पातं केळ्यासारखं पाठीकडे वाकतं, म्हणून ते आधीच उलट्या बाजूला थोडं वाकवून ठेवायचं. हे सगळं जमलं. नंतर टोक जरा निमुळतं करावं म्हणून पुन्हा भट्टीत सारलं आणि शेजारच्याशी बोलत राहिले. बाहेर काढलं तेव्हा टोक पांढरंफटक, ठिणग्या उडत होत्या.

शिक्षकांनी ते टोक शिकंज्यात धरून मोडायला लावलं. आतला कण मोठ्या साखरेसारखा, चमचमणारा. चांगल्या पोलादाचा मोड रेशमासारखा करडा दिसतो, त्यांनी दुसरा तुकडा मोडून शेजारी ठेवला. एवढा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर पुन्हा ही चूक होणार नाही. मोडलेलं टोक खिडकीत ठेवलं आहे.

२८ सप्टेंबर

दुसरं पातं. भट्टीशी असताना बोलले नाही. कमी तापवलं, जास्त वेळा तापवलं. आकार आला.

जेवणाच्या सुट्टीत सुतारकाकांनी तोम्मी पूक्कोची गोष्ट सांगितली. काइनू प्रांतातल्या ह्यूर्यून्साल्मीचा काल्ले केरॅनेन नावाचा लोहार शिकायला फिस्कार्सच्या कारखान्यात गेला. फिस्कार्सचं लोखंडाचं काम १६४९ पासूनचं, आज जगभर त्यांच्या नारिंगी मुठीच्या कात्र्या असतात तेच हे. तिथे थॉमस नावाच्या इंग्रज कारागिराच्या हाताखाली तो पोलादाला पाणी द्यायला शिकला. गावी परत येऊन केलेल्या चाकूंना त्याने गुरूचं नाव दिलं, ‘तोम्मी’. काइनूच्या शिकाऱ्यांचा तो अजून आवडता आहे. लोहाराने आपल्या कामाला गुरूचं नाव द्यावं आणि ते दीडशे वर्षं टिकावं, ही गोष्ट ऐकून सबंध दुपार बरी गेली.

१२ ऑक्टोबर

पाणी दिलं. शब्द आपला, प्रत्यक्षात तेल. पाण्यात हे पोलाद तडकू शकतं म्हणून साठ अंशांपर्यंत कोमट केलेलं तेल वापरतात. पातं तापत असताना मधूनमधून लोहचुंबकाला लावून पाहायचं. चुंबक धरेनासा झाला की त्याहून किंचित जास्त रंग येऊ द्यायचा आणि टोक खाली करून सरळ बुडवायचं, आडवंतिडवं हलवायचं नाही. भुस्स आवाज, धूर, आणि संपलं. दहा सेकंदांत सगळ्या महिन्याचा निकाल.

कानस फिरवून पाहिली. काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे कडक झालं. या घडीला ते इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील, म्हणून लगेच भट्टीत १९० अंशांवर एक तास, गार करून पुन्हा एक तास. घासलेल्या जागी वाळल्या पेंढ्याचा रंग आला. किंचित वाक आहे, पाठीकडून पाहिलं तरच दिसतो. शिक्षक म्हणाले, घासताना जाईल.

१९ ऑक्टोबर

धारेचा उतार. आजचं काम सगळ्यात संथ आणि मला सगळ्यात आवडलेलं.

स्वयंपाकघरातल्या सुरीला पाठीपासून उतार असतो आणि अगदी कडेला आणखी एक बारीक उतार, ज्यावर खरी धार असते. पूक्कोला तो दुसरा नसतो. पात्याच्या खालच्या भागात एकच रुंद, सपाट उतार, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि दोन्ही मिळतात तिथेच धार. माझा उतार ९ मिमी रुंद आहे. पाठीची जाडी ४ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेबारा अंशांच्या आसपास, दोन्ही मिळून पंचवीस.

याचा उपयोग दगडावर कळतो. सुरीला धार लावताना कोन हातानेच सांभाळावा लागतो आणि तो वर्षानुवर्षांच्या सवयीने येतो. पूक्कोचा उतार निसण्यावर ठेवला की तो स्वतःच टेकतो, दार चौकटीत बसावं तसा. बोटांनी दाबून फक्त पुढेमागे करायचं. म्हणून आठ-दहा वर्षांचं मूलही याला धार लावू शकतं, आणि जंगलात नदीकाठचा एखादा सपाट दगडही चालतो. लाकडावरही तेच. उतार लाकडाला टेकवला की तो रंध्यासारखा वाट दाखवतो, किती खोल जायचं ते मनगटाच्या जराशा वळण्याने ठरतं.

जपानी निसणा १००० नंबर, मग ३०००, शेवटी चामड्यावर पाच-सहा हात. रात्री घरी पाइनची काडी तासून पाहिली. ढलपी कुरळी होऊन निघाली आणि तुटलीच नाही. चारदा केलं.

२ नोव्हेंबर

जूनची साल बाहेर काढली. पूर्ण वाळली आहे, पण लवचीक.

४० बाय ३० मिमीचे तुकडे कापले, प्रत्येकाच्या मध्ये शेपटाच्या मापाचं भोक. ओवताना एक तुकडा उभ्या रेषांचा, पुढचा आडव्या, म्हणजे ओलाव्याने सगळे एकाच दिशेला फुगणार नाहीत. आधी पितळी चकती, मग साल, साल, साल. प्रत्येक दहा तुकड्यांनी लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने बसवायचं. वर्गात कुणी बोलत नव्हतं, बाहेर पाच वाजता अंधार, पहिला बर्फ. एकूण ७८ तुकडे बसले. शेवटची चकती घातली, शिकंज्यात आवळून ठेवलं. पुढच्या शनिवारपर्यंत तसंच.

मी सरस घातला नाही. घालणारे बरेच आहेत. नीट आवळलेल्या सालीला त्याची गरज नाही असं शिक्षकांचं मत, आणि मला ते पटलं.

९ नोव्हेंबर

शेपटाचं टोक चकतीबाहेर २ मिमी ठेवून कापलं आणि गोल डोक्याच्या हातोडीने हलक्या हाताने चहूबाजूंनी ठोकून पसरवलं. पन्नास घाव, घाई केली तर फाटतं.

मग मूठ. चौकोनी थप्पी आधी जाड दातांच्या कानशीने, मग बारीक कानशीने, मग पॉलिश पेपरने. सालीचे थर तपकिरी-पिवळसर पट्ट्यांसारखे दिसू लागले. मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांकडे निमुळती. माप कागदावर होतं, पण शेवटी डोळे मिटून हातात धरायची, जिथे टोचेल तिथे खडूची खूण, तिथेच घासायचं. तेल नाही, पॉलिश नाही. हाताळून हाताळून चमक येते.

सुतारकाकांनी त्यांच्या वडिलांचा चाकू दाखवला. १९३९-४० च्या, सोव्हिएत संघाशी झालेल्या हिवाळी युद्धात तो त्यांच्याकडे होता. सैन्याकडे सगळ्यांना पुरेसे गणवेशसुद्धा नव्हते, शिपाई घरचा पूक्को घरच्याच पट्ट्यावर लावून आघाडीवर जात. तिथे त्याने पाव कापला, फांद्या तासून निवारा केला, जळण फोडलं. लढाईत वापरला का, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. रशियन भाषेत या चाकूचं नाव ‘फिन्का’ आहे. त्या युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने आपल्या टेहळ्यांसाठी जो चाकू काढला तो याच आकारावरून, फक्त त्याला त्यांनी अटकाव बसवला.

२३ नोव्हेंबर

म्यान, ‘तुप्पी’. झाडाच्या सालीने कमावलेलं अडीच मिमी जाड चामडं. पात्याभोवती लाकडाचं पातळ अस्तर कोरलं, नाहीतर धार आतून चामडं कापते. चामडं कोमट पाण्यात भिजवलं, पूक्को प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर ओलं चामडं ओढलं आणि शिवण मागच्या बाजूला घेतली. आरीने भोकं, मेण लावलेला तागाचा दोरा, दोन सुया समोरासमोरून. मुठीचा फुगवटा चामड्यावर बोटांनी दाबून उमटवायचा. वाळल्यावर हाच उमटलेला आकार चाकू धरून ठेवतो.

तापिओ विर्क्काला या फिनलंडच्या मोठ्या डिझायनरने १९६० च्या दशकात हाकमान कंपनीसाठी पूक्को केला होता, त्याचं चित्र वर्गात लावलं आहे. काच आणि चांदीत काम करणारा माणूस, पण स्वतः जन्मभर चाकूने लाकूड तासत असे. त्याच्या पूक्कोतही अटकाव नाही आणि म्यान खोलच.

३० नोव्हेंबर

म्यान वाळलं. पूक्को आत सारला की शेवटी हलका ‘टप्‌’ होतो. उलटा धरून झटकला, पडला नाही.

तो कमरेला लावून बसने घरी मात्र आणता येत नाही. २००३ च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागी चाकू बाळगायला कामाचं किंवा तसंच दुसरं सबळ कारण लागतं. रानात, मासे धरताना, सुतारकामावर चालतो, शहरात मिरवायला नाही. पूक्कोयुंक्कारींचा इतिहास वाचल्यावर हे मला योग्यच वाटतं. पिशवीत तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून आणला.

६ डिसेंबर

फिनलंडचा स्वातंत्र्यदिन, सुट्टी. शून्याखाली आठ. तळ्याकाठच्या लावूवर, म्हणजे तीन भिंतींच्या लाकडी निवाऱ्यापाशी, गेले. तिथे चूल पेटवायला परवानगी असलेली जागा आहे आणि पालिकेने जळण ठेवलेलं असतं.

ओंडके बाहेरून ओले होते. एक फोडला, आतली कोरडी कांडी घेतली आणि किएहिनेन करायला बसले. कांडीपासून तुटू न देता तिच्यावर एकापाठोपाठ कुरळ्या ढलप्या उठवत जायच्या, टोकाला पिसाऱ्यासारखा झुबका होतो, तो लगेच पेट घेतो. हातमोजे काढले होते. दहा मिनिटांनी बोटं बधिर, पण मूठ तळहाताला गार लागली नाही. पहिले दोन झुबके तुटले, तिसरा जमला, चौथा चांगला. खाली मुठीतून उरलेल्या सालीचे तुकडे ठेवले. काडी लावताच ते काळ्या धुराने भडकले, भिजलेलं असलं तरी हे असंच पेटतं.

कॉफी झाली. राईचा पाव आणि सॉसेज याच पात्याने कापलं. पात्यावर पहिले निळसर-करडे डाग पडले, कार्बनच्या पोलादाला ते पडतातच, पुसून तेलाचं बोट फिरवलं.

मुठीत बाराव्या आणि तेराव्या तुकड्यांमध्ये केसाएवढी फट दिसते आहे. थंडीत साल आकसली असावी. घरी दोन दिवस ठेवून पुन्हा बघायचं. टोकापासून १ सेंटिमीटरवर धार उजेडात चमकते आहे, म्हणजे तिथे बोथट झाली. ओंडक्यात गाठ होती, तिथेच लागली असणार. उद्या ३००० च्या दगडावर, दोन्ही बाजूंना वीस-वीस हात.